सिंगल हँड

“सर, सिंगल हँड. घर ते हापिस, हापिस ते घर. बस्स.”

सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाने वापरलेली. एजंटाने जुन्या मोटारसायकलीच्या टाकीवर थाप मारली आणि मी भुललो. शाळेत इतकी वर्षे मराठी शिकवतोय, उताऱ्यात काय लिहिले आहे त्यापेक्षा काय लिहिलेले नाही ते बघा असे दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. आणि इथे उभ्या उभ्या २८ हजार मोजून दिले. टाकी पॉलिशने चकाकत होती. टायरांना काळे पाणी लावलेले होते. सीटकव्हर नवे होते. नवे सीटकव्हर बघून जुन्या सीटविषयी शंका यायला हवी होती, पण तेव्हा ती आली नाही.

जूनपासून माझी बदली वाळपईच्या बाजूला झाली. गोव्यातल्या आमच्या साखळीहून बस मिळते, नाही असे नाही. पण बसची वेळ आणि शाळेची घंटा यांची पत्रिका जुळत नाही. जुन्या स्कूटरने मार्चमध्येच मान टाकली होती. नवी मोटारसायकल घ्यावी तर मुलीचे कॉलेजचे वर्ष. म्हणून ही २०१४ ची स्प्लेंडर, जीए-०४ नंबरची, काळी, अंगावर लाल पट्टे. मीटरवर ३८,४१२ किलोमीटर. बायको दारात येऊन बघून गेली आणि म्हणाली, “अहो, आता या वयात पाय टाकून बसणार?” बसलो खरा.

स्प्लेंडर हे नाव बाजारात आले १९९४ साली, हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हा. ९७.२ सीसीचे ते इंजिन गावोगावच्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे, आणि जुनी गाडी घेताना हीच मोठी सोय. (आमच्या सत्तरी तालुक्यात होंडा नावाचे गावच आहे, माझ्या शाळेच्या वाटेवर. गाडीशी त्याचा काही संबंध नाही. पण बाहेरचा कुणी “होंड्यात गाडी बिघडली” हे वाक्य ऐकून गोंधळतो, तेव्हा मजा येते.)

साखळीच्या बाजारामागे फणसाखाली ताडपत्री ताणून माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. दहावीला मराठीत कसाबसा सुटला होता. त्याच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून माझी लाल शाई संपायची. गाडी घेतल्याचे फोनवर सांगितले तर आधी गप्पच राहिला. मग विचारले, “घेवचे पयलीं म्हाका किद्याक दाखयली ना, सर?” घेण्याआधी का दाखवली नाही, याला उत्तर नव्हते. सकाळी लवकर आण म्हणाला. आणि चालवत आणू नकोस, ढकलत आण. घर जवळच, म्हणून आणली ढकलत. शेजारच्यांना वाटले, पहिल्याच दिवशी बंद पडली.

ढकलत का, ते तिथे गेल्यावर कळले. त्याने आधी इंजिनाला हात लावला. “थंड आसा मू?” रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या किकेला काय करते, धूर काढते का, काढला तर कसला, हे थंडपणीच कळते. गिऱ्हाईक येण्याआधी विकणारा गाडी गरम करून ठेवतो ते याचसाठी. मला आठवले, एजंटाकडे गेलो तेव्हा सायलेन्सरला चुकून पोटरी लागली होती आणि चटका बसला होता. तेव्हा मी उगाच स्वतःच्या धांदरटपणाला दोष दिला.

चोक ओढून तिसऱ्या किकेला चालू झाली. थोडा पांढरा धूर आला आणि विरला. ती वाफ, तिचे काही नाही. निळसर धूर येत राहिला असता तर इंजिन ऑइल पीत आहे, म्हणजे पिस्टन रिंगांचा किंवा वॉल्व्ह सीलचा खर्च. काळा असता तर पेट्रोल जास्त जळते आहे, कार्ब्युरेटर नाहीतर एअर फिल्टर बघायचा. दोन-तीन मिनिटे चालवून त्याने इंजिन बंद केले, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, तेल खाली उतरू दिले आणि मग पट्टी काढून पुसली. ती परत आत सोडली, पण आटे न फिरवता, नुसती टेकवून. मी आजवर कुणाच्या गाडीचे ऑइल बघितले असेल तर पट्टी घट्ट पिळूनच. तसे केले की पट्टी खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते, काळे आणि पातळ. बोटावर घेऊन त्याने उन्हात धरले. चमकणारे कण नव्हते. दुधाळही नव्हते, तेल चहासारखे दिसले तर आत पाणी गेले म्हणून समजायचे. “इंजीन बरें आसा,” म्हणाला, आणि खिशातून पांढऱ्या खडूचा तुकडा काढून इंजिनावर एक फुली मारली. म्हणजे हे काम करायचे. पुढच्या तासाभरात माझ्या गाडीवर अशा अकरा फुल्या पडल्या. मी शेजारी स्टुलावर बसून होतो.

दुसरी फुली मीटरवर. पुढचे चाक उचलून त्याने हाताने गरगर फिरवले. काटा ढिम्म. केबल आतून तुटलेली. “मीटर केन्नाचोच मेल्लो, सर.” म्हणजे ३८,४१२ हा आकडा खोटा नव्हता, फक्त कधीचा ते कुणालाच ठाऊक नाही. मग गाडी किती चालली ते कशावरून ओळखायचे? त्याने पायाकडे बोट दाखवले. फूटरेस्टच्या रबराची नक्षी झिजून साफ गेलेली. मागच्या ब्रेकचे पेडल जोड्याच्या घासाने चांदीसारखे झालेले. गिअरच्या दांडीचे रबर मात्र नवे. ते स्वस्त असते आणि लगेच नजरेत भरते, म्हणून बदललेले. किल्लीचे भोकही इतके सैल की किल्ली चालू स्थितीतच बाहेर निघते. “लाखाभायर,” तो म्हणाला. घर ते हापिस एवढ्यात लाख किलोमीटर होत नाहीत. गोवा केवढा तो.

पण कोडे खरे पडले ते मागच्या बाजूला. डावा शॉकअप गळत होता, उजवा ठीक. मागच्या चाकाच्या तारा पान्ह्याने एकेक करून वाजवल्या. घट्ट तार टण्ण वाजते, सैल तार मुकी. सात-आठ मुक्या निघाल्या, पुढच्या चाकात एकही नाही. मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे चिमट्याला धरून चाक आडवे हलवले तर कटकट आवाज आला. चिमट्याचे बुश गेलेले. साइड स्टँड वाकून गाडी नको इतकी कलायची, आणि स्टँडचा तळवा झिजून पत्र्यासारखा पातळ झालेला. दोन्ही बाजूंच्या पॅनेलांवर रंगाखाली चंद्रकोरीसारखा एकेक खोलगट पोचा, दोन्ही नेमक्या एका उंचीवर. सीटमागच्या दांडीला चार भोके, बोल्ट काढलेली.

मी म्हटले, डबलसीट फिरवली असेल. तो काही बोलला नाही. चेनकव्हरच्या सांध्यात पांढरट पापुद्रा साठला होता. मला वाटले, बॅटरीचे आम्ल सांडून सुकले असेल. त्याने नखाने थोडा खरवडला, नाकाजवळ नेला आणि हसला.

“दूद! तुमची गाडी दूद हाडटाली, सर.”

मग सगळे एका ओळीत आले. सीटमागे लोखंडी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना अडकवलेले कॅन. वीस-वीस लिटरचे धरले तरी कॅनसकट पन्नास किलोच्या घरात. गाडी साइड स्टँडवर उभी करून आधी डावा कॅन चढवायचा आणि मग उजवा. म्हणजे मधल्या वेळात सगळा भार डावीकडे. वर्षानुवर्षे, रोज, बहुधा दोनदा. डावा शॉकअप, स्टँड, पोचे, तारा, चिमटा, सगळ्यांनी साक्ष एकच दिली. इतके स्पष्ट लिहिलेले मला उभ्या उभ्या वाचता आले नाही, आणि मराठीत कसाबसा सुटलेल्याने नाकाने वाचले.

ब्रेकचे मात्र त्यालाही लगेच उलगडले नाही. दोन्हीकडे ड्रम ब्रेक. ड्रमच्या बाहेर एक बारीक बाण असतो आणि एक खूण; ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला की आतले शू, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे तुकडे, संपले. मागचा बाण खूण ओलांडून गेला होता. ड्रम उघडला तर शूवर अस्तर म्हणून काही उरलेच नव्हते. पुढचा उघडला आणि तो चक्रावला. शू जवळजवळ कोरे, नुसते काचेसारखे गुळगुळीत झालेले. पुढचा ब्रेक या माणसाने वापरलाच नव्हता.

हे उलटे आहे. ब्रेक लावला की गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि घसरू लागते. गाडी खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक. मागचा जोडीला, गाडी सावरायला. पण आपल्याकडे सायकल शिकवतानाच “पुढचा दाबू नकोस, कोलांटी खाशील” असे भरवलेले असते, ते मोटारसायकलीपर्यंत टिकते. मी स्वतःही त्याच पंथाचा. ओल्या रस्त्यावर किंवा सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक निसटते, हे खरे. म्हणून तो हळूहळू, दाब वाढवत, हँडल सरळ असताना लावायचा. त्याने शू सँडपेपरवर घासून खरखरीत केले, ड्रम पुसला, केबलमध्ये तेल सोडले, ती नीट सरकेपर्यंत. मग मला मागच्या मोकळ्या जागेत वीस वेळा पुढच्या ब्रेकने गाडी थांबवायला लावली. फणसाखाली बसलेली दोन माणसे मोजत होती. बाराव्या खेपेला जरा जमले.

चेन बघताना आम्ही दोघेही थोडे थांबलो. मधोमध बोटाने वर-खाली करून दोन-तीन सेंटीमीटर ढिलाई असावी, आणि ती एकाच जागी न बघता चाक फिरवून चार जागी बघावी. कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणत नाही, एका जागी लोंबते तर दुसरीकडे तटतटते. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातांच्या चाकावरून, चेन बोटाने मागे ओढली तर दातांपासून सुटून चांगली फट दिसली. दातही सरळ नव्हते, एका अंगाला कललेल्या लाटांसारखे झाले होते. अशा वेळी नुसती चेन बदलून भागत नाही. झिजलेले दात नवी चेनही खातात. पूर्ण चेनसेट घालायचा. पण थांबलो ते त्यामुळे नव्हे. कव्हर काढल्यावर आत लाल मातीचा थर निघाला. तेलात मळलेली, बोटभर जाडीची, पिठासारखी बारीक.

ही माती साखळी-डिचोलीच्या माणसाला सांगावी लागत नाही. लोहखनिजाच्या खाणी २०१२ च्या सप्टेंबरात थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. मधल्या काळात डंपरांच्या मागून दुचाकी चालवणे म्हणजे काय, ते आमच्या पांढऱ्या सदऱ्यांना माहीत. माझ्या आईने तेव्हा अंगणात कपडे वाळत घालणे सोडले होते. त्या थरातली खाणीची किती आणि साध्या जांभ्या रस्त्याची किती, हे कोण सांगणार? पण २०१४ ची गाडी, होंडा-पिसुर्ल्याच्या बाजूला फिरलेली, म्हणजे खाणीची थोडी तरी असणारच. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने ती खरवडून वर्तमानपत्रावर काढली. एअर फिल्टरमधूनही तीच निघाली. धुळीच्या वाटेने जाणाऱ्याने फिल्टर लवकर बदलावा, पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नये, हे त्याने मला दोनदा सांगितले.

टायरने मला फसवले असते. पुढच्या टायरची नक्षी छान शाबूत होती. त्याने बाजूवरचे चार आकडे दाखवले, ०९१४. म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला टायर. रबर नखाने दाबले तर दबत नव्हते आणि कडेला केसासारख्या भेगा. नक्षी आहे पण पकड नाही, आणि वर आमचा पाऊस, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. बदलला. मागचा तर मधोमध सपाटच होता. हवा पुढे २५, मागे एकट्यासाठी २८, ही नोंद त्याने खडूने माझ्या डब्याच्या झाकणावर केली.

बाकीचे भरभर झाले. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवले तर बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकायचे, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, कोनसेट, गेला. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवले, आवाज वाढला नाही, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जात नाही. बॅटरीला मीटर लावला तर गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर, चालू करून रेस दिली की चौदाच्या जवळ, चार्जिंग ठीक. टर्मिनलवरची हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली. टाकीत टॉर्च मारला तर तळाला थोडा गंज. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नये, गाडी महिनोन्महिने उभी तर मुळीच ठेवू नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीतल्या रबरी नळ्याही बघत राहायच्या.

अकरावी फुली सायलेन्सरवर पडली. आतली जाळी सुटली होती. गाडी खडखड-भुर्र, खडखड-भुर्र अशी बोलायची. तोपर्यंत बिल सात हजारांवर गेले होते. म्हटले, ते पुढच्या महिन्यात.

कागदांचे आपण समजतो तितके सोपे नसते. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तरी विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. एजंट म्हणाला, सह्या घेऊन ठेवल्यात. बघितले तर एकीकडे सही होती, दुसरीकडे नव्हती. चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर ताडून पाहिले. लहानपणी नाण्यांचे ठसे घ्यायचो तसा. नंबर जुळला. राहिलेल्या सहीसाठी मात्र आधीच्या मालकाकडे जाणे आले.

तो राहतो केरीच्या पुढे, अंजुणे धरणाच्या अलीकडे. गाडीवरूनच गेलो. पर्ये सोडल्यावर रस्ता चढू लागतो, समोर घाटाचे डोंगर, पावसाळ्यात त्यांच्या अंगावर पांढऱ्या रेघा. गाडी अंगणात शिरायच्या आधीच तो दारात येऊन उभा होता. साठी ओलांडलेला, गुडघे गेलेले, भिंत धरून चालणारा. मला “या मास्तर” म्हणाला आणि गाडीकडे गेला. नव्या टायरांवरून हात फिरवला. मग सीटमागच्या त्या चार भोकांत अंगठा घालून बघितला, जुन्या घराच्या खुंटीला हात लावावा तसा.

मी विचारले, दुधाची ना?

“एजंटाक हांवें सांगिल्लें,” तो म्हणाला, जरा दुखावून. त्याने काहीच लपवले नव्हते. सिंगल हँडही खरीच होती, तेवढे एक वाक्य एजंट खरे बोलला. सहा म्हशी होत्या. पहाटे दूध काढून होंड्यापर्यंत घरोघर घालायचा, उरलेले सोसायटीत. गुडघे गेले तशा म्हशी विकल्या आणि मग गाडी. मीटर बंद पडून किती वर्षे झाली विचारले तर म्हणाला, धाकट्याच्या लग्नाआधी.

आणि पुढचा ब्रेक?

तो थोडा वेळ गप्प राहिला. आतून बाई कोकम सरबत घेऊन आल्या, त्यांनीच सांगितले. गाडी घेतली त्याच पहिल्या पावसात, पर्येच्या उतारावर, वासरू आडवे आले म्हणून पुढचा ब्रेक आवळला. माणूस एकीकडे, गाडी दुसरीकडे, कॅनांची झाकणे सुटली. “आख्खो रस्तो धवो जाल्लो,” तो स्वतःच म्हणाला, आणि हाताने अंगणभर दाखवला. हात मोडला होता. पण त्याने सांगितले ते दुधाने पांढऱ्या झालेल्या रस्त्याचे. त्यानंतर उजव्या हाताची बोटे त्या दांडीवर गेली नाहीत. कोऱ्या शूंचे कारण मला मिळाले. आता तो ब्रेक धरतो आणि शू घासून खरखरीत केलेत हे सांगायचे मी टाळले. त्याने सही केली, मोठ्या सुट्या अक्षरांत, पूर्ण नाव लिहून.

शाळा सुरू झाली. पहिल्या सोमवारी लवकर निघालो. होंड्याच्या अलीकडे एक बंद किराणा दुकान आहे, तिथल्या वळणावर गाडी हळू केली. खडखड-भुर्र. दुकानाच्या पायरीखालून आधी एक मांजर बाहेर आले, शेपूट उभे करून, मागोमाग आणखी दोन. तिघेही सरळ रस्त्याच्या कडेला येऊन बसले, गाडीच्या डाव्या बाजूला, कॅन असायचा त्या अंगाला, आणि वर बघू लागले. एकाने चाकाला अंग घासले. मी इंजिन बंद केले. गाडी विकून चार महिने होऊन गेले होते.

माझ्या डब्यात भेंडीची भाजी होती.